तुमचा एका ओढीत सुरू होतो

तीर्थस्वरूप साडूभाऊंना दोन्ही हात जोडून (उजव्याला अजून पट्टी आहे, तरी जोडून) नमस्कार.

मायन्यात ‘तीर्थस्वरूप’ लिहावं की नुसतं ‘आदरणीय’, यावर तुमच्या मेहुणीचा आणि माझा थोडा वाद झाला. तिचं म्हणणं, वयाने मोठे आहेत, तीर्थस्वरूपच लिहा. माझं म्हणणं, मोठे असतील, पण किती मोठे ते आजवर त्यांनीच सांगितलंय, दुसऱ्या कुणी नाही. शेवटी तिचंच खरं झालं. इकडे आम्ही ठीक आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईंचा खोकला थांबला का? शाळेतल्या मुलांना गणितं सुटतायत ना? आणि (न विचारून कसं चालेल, घरातलाच तो) तुमचा जनरेटर कसा आहे? अजून एका ओढीत सुरू होतो ना? होत असणारच. विचारलं आपलं.

मनात काही ठेवायचं नाही असं ठरवून लिहायला बसलोय, म्हणून आधीच सांगून टाकतो की मी तुमच्यावर जळतो. आजचं नाही हे, लग्नापासूनचं आहे. तुमच्या डोक्यावर अजून केस आहेत, ते मी सहन केलं. सासरे शेवटपर्यंत तुम्हाला ‘गुरुजी’ म्हणायचे आणि मला ‘अहो, ते हे’, तेही सहन केलं. पण आपण दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच लाल रंगाचे दोन जनरेटर घेतले, दुकानदाराने ते शेजारी शेजारी ठेवले, तुम्ही डावीकडचा उचलला आणि मला उजवीकडचा राहिला, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. माझी पक्की खात्री होती की डावीकडचा चांगला होता आणि तुम्हाला ते दिसलं होतं. तुमच्या मेहुणीने तर उच्छाद मांडला. घरात कुठलीही गोष्ट अडली, म्हणजे दाराची कडी म्हणा, नळ म्हणा, अगदी माझं पोट बिघडलं तरीसुद्धा, ती एक सुस्कारा टाकून म्हणायची, भावोजींचा मात्र एका ओढीत सुरू होतो.

जनरेटर घ्यायचं कारण तुम्हाला सांगायला नको, पण मला सांगावंसं वाटतंय. आईंचं श्वासाचं मशीन विजेवर चालतं, आणि आपल्या दोघांच्याही भागात वीज तिच्या मर्जीने येते-जाते. सासरे गेल्यापासून आई आमच्याकडे, अधूनमधून तुमच्याकडे. मी पुढच्या खोलीत पाट्या रंगवतो आणि त्या नाकाला नळी लावून खिडकीपाशी बसतात. लोकांना वाटतं सासू घरात म्हणजे जावयाच्या डोक्याला ताप. माझं उलटं आहे हो. माझी आई गेली तेव्हा मला नीट बोलतासुद्धा येत नव्हतं. माझ्या अक्षरांकडे आयुष्यात कुणी धड बघितलं असेल तर या बाईने. दाताच्या डॉक्टरची पाटी रंगवली तेव्हा म्हणाल्या, अरे, दोन अक्षरांमध्ये केवढी फट पाडलीस, हे बघून त्याच्याकडे दात दाखवायला कोण जाईल? मी पुसून पुन्हा काढली. तुम्हाला त्या ‘अहो गुरुजी’ म्हणतात आणि मला ‘अरे’. हा मान तुमच्या मानापेक्षा मोठा आहे, आणि त्यावर तुम्ही थोडं जळावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता देखभालीचं. तुमची पद्धत मी पाहिली आहे. (चोरून पाहिली. ताईंनी चहाला बोलावलं होतं आणि मी हात धुवायला म्हणून परसात गेलो होतो.) महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही त्याचं कव्हर काढता, तेल बघता, तो भिंतीपासून लांब उघड्यावर सुरू करता, त्यावर इस्त्री आणि पंखा लावून थोडा वेळ चालवता, मग पेट्रोलची तोटी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत थांबता, म्हणजे आत थेंब राहायला नको. डब्यातलं जुनं पेट्रोल स्कूटरमध्ये ओतता आणि ताजं आणून ठेवता. डब्यावर खडूने तारीख, ती दर महिन्याला पुसून नवी. हे सगळं पाहून मी घरी येऊन खूप हसलो. मास्तरांनी जनरेटरलासुद्धा हजेरीपट लावलाय म्हणालो. आई हसल्या नाहीत, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

माझी पद्धत वेगळी होती. तुमचा चालतो तर माझा निदान दिसायला तरी उजवा असावा, असा माझा विचार. घेतला त्याच दिवशी टाकी काठोकाठ भरली आणि तो वापरून जुना होऊ नये म्हणून एकदाही सुरू केला नाही. वीज गेली की ती येईपर्यंत आईंचं ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरवर भागवत होतो. टाकीच्या झाकणावर मी लाल-पिवळी वेलबुट्टी काढली आणि तिच्यावर रंगाचे तीन हात मारले. पेट्रोलच्या डब्यावर तारीख घातली, पण तुमच्यासारखी खडूने नाही. ऑइल पेंटने, सावली दिलेल्या अक्षरांत, कडेने सोनेरी रेघ ओढून. इतकी देखणी तारीख तुम्ही पाहिली नसेल. आणि तिथेच घोडं अडलं. पेट्रोल बदलायचं म्हणजे तारीख बदलायची, आणि ती खरवडायला माझा हात धजेना. तेव्हा मी पेट्रोलच बदललं नाही. वर्ष उलटलं तरी तारीख आहे तशी तजेलदार होती, म्हणून आतलंही तसंच असेल असं मी धरून चाललो. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कव्हर उचलून जनरेटर दाखवत असे. पोस्टमनने तर दोनदा पाहिला.

आणि मग तो दिवस. तुम्ही आणि ताई जेवायला आलात, पानं वाढली आणि वीज गेली. खरं सांगतो, मला आनंद झाला. आईंच्या मशीनने शीळ घातली, तुमच्या मेहुणीने छोटा सिलिंडर जोडून दिला, आणि मी हात न धुताच मागच्या अंगणात धावलो. आज साडूभाऊंच्या समोर एका ओढीत! तुम्ही दारात येऊन उभे राहिलात, हे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. पुन्हा. चपलेचा अंगठा तुटला, दोरीने तळव्याची सालटी काढली, शेजारचा शिंपी भिंतीवरून डोकावून म्हणाला की दोरी हळू ओढा, उसवेल. तेव्हा तुम्ही पुढे आलात, टाकीचं झाकण उघडलंत, नाक जवळ नेलंत आणि इतकंच म्हणालात, “पेट्रोल शिळं झालंय.”

ओरडला असतात तर बरं झालं असतं. हसला असतात तरी चाललं असतं, मला भांडायला तोंड मिळालं असतं. पण तुम्ही शाळेतल्या ‘ढ’ मुलाच्या खांद्यावर ठेवतात तसा माझ्या खांद्यावर हात ठेवलात. सिलिंडर संपायच्या आत आईंना, त्यांच्या मशीनला आणि दोन लुगड्यांना गाडीत घालून तुमच्याकडे घेऊन गेलात. बरोबर केलंत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. (आहे. पण ती तुमच्याविरुद्ध नाही, आणि हे लिहिताना मला किती त्रास होतोय ते तुम्हाला कळणार नाही.) गाडी वळली तेव्हा आईंनी काचेतून हात हलवला. त्या सिलिंडरचा काटा माझ्यामुळे खाली उतरत होता. ती खिडकीपाशीची खुर्ची मी उचलून आत ठेवली, मग पुन्हा बाहेर आणून ठेवली.

त्यानंतर पाट्या बिघडू लागल्या. अंतर चुकलं की सांगणारं कुणी नाही. तुमच्याकडे आई सुखात आहेत, वीज गेलेली त्यांना कळतसुद्धा नाही, असं ताई फोनवर सांगायच्या आणि तुमची मेहुणी फोनचा आवाज मोठा करून मला ऐकवायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी मी सोनेरी तारीख खरवडली. (डोळे मिटून.) टाकी रिकामी केली, मेकॅनिककडून कार्बोरेटर साफ करून घेतला, त्यात मधासारखी चिकट राळ साचली होती. तेल बदललं, प्लग बदलला, ताजं पेट्रोल घातलं. तिसऱ्या ओढीत सुरू झाला हो! मी आणि शिंपी भिंतीवरून एकमेकांचे हात धरून नाचलो. आणि आमचा नाच संपायच्या आत जनरेटर बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा थोडा चालला, पुन्हा गप. मेकॅनिकने आपल्याकडे नेला की तिथे दिवसभर चालायचा (माझं रंगवलेलं झाकण हरवेल म्हणून मी ते घरी काढून ठेवत असे, तो आपलं जुनं लावायचा), आणि आमच्या अंगणात आला की बंद. मला तर वाटू लागलं की त्यालाही तुमच्याकडेच जायचंय.

गेल्या रविवारी तुम्ही आईंना एका दिवसासाठी आणून सोडलंत आणि संध्याकाळी न्यायला येतो म्हणालात, मग गुडघ्यामुळे आला नाहीत. त्या दुपारी काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. आईंचं मशीन भिंतीवरच्या विजेवरच ठेवून मी जनरेटरवर नुसता पंखा लावला. (इतकी अक्कल मला आहे.) आई लांब नळी घेऊन मागच्या दारात बसल्या. जनरेटर सुरू झाला, चालला, धापा टाकल्या आणि बंद. मी दोरी फेकून पायरीवर बसलो, आणि खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “अरे, तुझ्या बायकोला मी बाटलीने दूध पाजायचे. बुचाला वारा घ्यायला भोक नसलं की थोडं दूध यायचं आणि थांबायचं. याच्या झाकणाला भोक कुठंय?”

झाकणाला भोक होतं, साडूभाऊ. कारखान्याने टाचणीएवढं पाडलेलं होतं, टाकीत हवा जायला. माझ्या वेलबुट्टीच्या मधल्या फुलाखाली ते तीन हातांनी बुजलं होतं. इंजिन गार होऊ दिलं, झाकण काढून सुईने फूल फोडलं, आणि मग तो जो चालू झाला तो मी हाताने बंद करेपर्यंत थांबला नाही. म्हणजे उजवीकडचाही चांगलाच होता. डावीकडच्याबद्दल इतके दिवस मी तुमच्याविषयी जे मनात धरलं, ते सगळं मागे घेतो. केसांबद्दलचं मात्र आहे तसंच ठेवतो.

असो. माझा आता दुसऱ्या ओढीत सुरू होतो. गुडघ्याला शेक द्या, ताईंना नमस्कार सांगा, आणि पत्रात काही कमीजास्त असेल तर ते पट्टीतल्या हाताने लिहिलंय असं समजा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. : पेट्रोल जास्त दिवस टिकावं म्हणून तुम्ही डब्यात त्या निळ्या बाटलीतलं काहीतरी घालता, त्याचं नाव कळवा. मला गरज नाही, शिंपी विचारत होता.

ता. क. दुसरं : मूळ मुद्दा राहिला. आई तुमच्याकडे परत येत नाहीत. मी आग्रह केलेला नाही, तुमच्या मेहुणीला विचारा. त्या स्वतःच म्हणाल्या की गुरुजींकडे सगळं वेळच्या वेळी होतं, तिथे माझ्यावाचून काही अडत नाही. इथे मी नसले तर याला झाकणसुद्धा उघडायचं सुचत नाही. तेव्हा त्यांची राहिलेली लुगडी, चष्मा आणि जादा नळी पाठवून द्या. जिंकल्यासारखं वाटून मी त्या दिवशी दोनदा जेवलो.

ता. क. तिसरं, आणि हे मेहुणीला न दाखवता पाकिटात घालतोय : काल सकाळी खरोखरीच वीज गेली. जनरेटर दुसऱ्या ओढीत सुरू झाला, आईंचं मशीन त्यावर चाललं, आई शांत झोपून राहिल्या. आणि मी अंगणात त्याच्याजवळ उभा होतो, त्याच्या प्रत्येक ठसक्याला माझाच श्वास अडकत होता, हातातला चहा तसाच गार झाला. तुम्हाला सांगतो म्हणून कुठे बोलू नका, माझा त्याच्यावर विश्वास नाही. तुमच्यावर आहे. तेव्हा लुगड्यांबरोबर तुमचा जनरेटर घेऊन या, आणि तो हाताळणारा माणूसही चार दिवस राहू दे. आईंना विचारलं, तर म्हणाल्या की अंगणातल्या पत्र्याखाली दोन जनरेटर सहज मावतील, दोन जावई मावतात का ते आधी बघा. मी म्हटलं, मावतील. फक्त माझा जनरेटर रस्त्याच्या बाजूला राहील.