सोफ्याच्या जाहिरातीतले बूट

रविवार संध्याकाळ, बेसिंगस्टोक, इंग्लंड

टीव्हीवर पुन्हा ती सोफ्याची जाहिरात. नवरा गोरा, बायको माझ्यासारखी सावळी. डॅनियल हसला, "एका जाहिरातीत गोरी-सावळी दोन्ही गिऱ्हाइकं!" खरंय. कंपनीला आमच्यासारख्या जोडप्यांचं कसलं आलंय कौतुक? एरवी मला चीड येते. आज नाही आली. कारण पुण्याहून आलेली आई, जी आमच्या लग्नाला आली नव्हती, जी जावयाला अजून 'तुझा नवरा' म्हणते, ती टीव्हीतल्या नवऱ्याकडे बघून फणकारली, "बूट घालून सोफ्यावर? आपला डॅनियल बरा, दारातच काढतो."

आपला! मी ऐकलं ना नीट?

डॅनियलला फक्त स्वतःचं नाव कळलं. "माझं काय चुकलं?" त्याने हळूच विचारलं.

सोफा नकोय आम्हाला. पण त्या कंपनीचं भलं होवो, आणि त्या बुटांचंही.