पेन्सिलची खूण

काल सकाळी तुझ्या सासूचा फोन. मी तोंडात ब्रश घेऊन उभी, आणि विहीणबाई विचारतात, तुमच्या घराण्यात कुणी 'तसं' मूल जन्मलं होतं का हो? मी म्हटलं, कसं? तोंडाळ? ती तर मीच. मग रागावून त्यांनी सगळं ओकलं. तुला दिवस गेलेत, चौदावा आठवडा चालू आहे, रक्ताचा रिपोर्ट वाईट आलाय आणि शुक्रवारी तुला दवाखान्यात नेऊन, मूल पाडून मोकळी करून आणणार आहेत. हे मला विहिणीकडून कळावं? तुला लहानाची मोठी कुणी केली, मी की त्यांनी?

असो. प्रिय टिटवे, तब्येत सांभाळून आहेस ना? माझं शिक्षण चौथी, अक्षर कोंबडीच्या पायांचं, तरी शेवटपर्यंत वाच. मधलं गाळू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

असा रिपोर्ट आलेल्या दीडशे जणींत एकीचं मूल 'तसं' निघतं, असं लिहून आलंय म्हणे. विहीणबाईंनी ते असं सांगितलं, जणू पोलीस दारात आलेत. अगं, दीडशे म्हणजे आमच्या अंडी उबवायच्या हॅचरीतला एक ट्रे. सत्तावीस वर्षं मी अंधाऱ्या खोलीत बसून अंडी दिव्यासमोर धरली. खोक्याला भोक, आत बल्ब, भोकावर अंडं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर चांगलं. नुसतं पिवळं दिसलं तर रिकामं. आणि धड हे नाही, धड ते नाही, अशी काही असायचीच. पहिल्याच आठवड्यात मी हुशारी केली. संशयाची चौदा अंडी सरळ बादलीत टाकली. मुकादमीणबाईंनी मला ती एकेक करून बाहेर काढायला लावली, पुसायला लावली. म्हणाल्या, बये, संशय आला तर पेन्सिलने खूण कर आणि तीन दिवसांनी परत बघ. बघायचा कंटाळा आला म्हणून फेकायचं नसतं. तीन अंड्यांत काही नव्हतं. अकरांतून पिल्लं निघाली.

मूल म्हणजे अंडं नव्हे, एवढं मला कळतं. पण तुझा रिपोर्ट ही पेन्सिलची खूण आहे. फोन ठेवला आणि तशीच चपला घालून आमच्या दवाखान्यातल्या नर्सकडे गेले. ती म्हणाली, आजी, या रक्तावरून पक्कं काही कळत नाही, फक्त पुढे नीट बघायचं की नाही ते कळतं. पक्कं कळायला पोटातून सुईने पाणी काढून तपासतात. ते तुला कुणी सांगितलं का? की शुक्रवार ठरवायचीच घाई? आणि जावई काय म्हणतो, आई म्हणेल तसं? त्याला विचार, रक्त कुणाच्या दंडातून काढलं?

नर्सने आणखी एक विचारलं. अशा रक्तात कधीकधी आईचंही बघतात, पुढे बीपी चढेल का ते. रिपोर्टात दुसरी ओळ आहे का? विहीणबाईंना परत फोन करून विचारलं तर म्हणाल्या, असेल काहीतरी. असेल काहीतरी! तुझ्या आईचे पाय सुजले तेव्हा सगळे हेच म्हणाले, असेल काहीतरी. मीही म्हटलं. डोकं दुखतंय म्हणाली, तर मी तिला झोप म्हटलं. आठव्या महिन्यात झटके आले. तू हातात आलीस, ती गेली. तिचं रक्त कुणी बघितलंच नाही. म्हणून तपासणीला मी कधी नाही म्हणणार नाही. दहा वेळा काढू दे रक्त. पण दुसरी ओळ आधी वाच. ती तुझी आहे.

आता हे पत्र का लिहितेय ते. फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या घरात फोन स्पीकरवर असतो. तुझी आई गेल्यावर तुला मीच वाढवलं, पण हॅचरीत लागले तेव्हा तुला ठेवायला कुणी नव्हतं आणि तिथे मुलांना आत घेत नव्हते. शाळा सहा वर्षांच्यांनाच घ्यायची. तू चारची होतीस, पण उंच आणि तोंडाने टिटवी. मी मास्तरांना सहा सांगितलं. जन्मतारीख त्यांनी विचारली, मी ठोकून दिली. तेव्हापासून तू कागदावर दोन वर्षांनी मोठी आहेस. रिपोर्टाच्या फॉर्मवर तीच तारीख गेली असणार. नर्स म्हणते, तो आकडा आईच्या वयावरूनही ठरतो. तू अडतीसची नाहीस, छत्तीसची आहेस. खोटं मी बोलले, भोगायचं तू, हे मला चालणार नाही. हे पत्र डॉक्टरीणबाईंना दाखव. खाली सही केलीय. हवं तर मी येऊन तोंडावर सांगते. हिशोब परत करू दे. तरी आकडा तोच येईल कदाचित, तुला गोड बोलून फसवणार नाही. मग सुई, आणि मग जे ठरवायचं ते तू. ठेवलंस तर मी सांभाळायला येते. नाही ठेवलंस तर तुझ्या उशाशी बसायला येते. पण नीट बघितल्याशिवाय बादली नको.

हॅचरीतल्या पिल्लांच्या गाडीचा ड्रायव्हर हे पत्र तुझ्याच हातात देईल आणि उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही. विहीणबाईंचं उत्तर नको, जावयाचं नको. तुझ्या अक्षरात, तूच लिही.

तुझीच,
तोंडाळ आजी