परत न आलेला डबा

सणसर, १७ नोव्हेंबर १९९६

चि. प्रियदर्शनीस,
दादाचा जयभीम आणि अनेक उत्तम आशीर्वाद. आशीर्वाद देण्याएवढा मी थोर झालेलो नाही, पण पत्रलेखनात मला तेवढंच पाठ आहे म्हणून लिहितो.

हे पत्र मी दसऱ्यापासून टाळतोय. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर आंतरदेशीय नव्हतं. मग आंतरदेशीय खिशात घालून ट्रकबरोबर फलटण, अकलूज, पार सांगोल्यापर्यंत हिंडलो आणि घामानं त्याचा लगदा झाला. आता ट्रकच सोडला. मालकाचं म्हणणं पडलं की क्लीनरनं काच पुसावी, काचेतून बाहेर बघत बसू नये. सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागा काय लागल्यात पिरे, रस्त्यानं जाताना... पण ते राहू दे. मी घरचं सांगायला बसलो होतो.

आल्या दिवशी आईनं चहा दिला तो कोरा. मला वाटलं दूध नासलं असेल. दुसऱ्या दिवशीही कोरा. तिसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, गप पी, आमाला आता असाच ग्वाड लागतोय. मग हळूहळू उलगडा झाला. म्हशीचं दूध डेअरीला जात नाही आणि चहालाही मिळत नाही. सगळं विरजायचं, घुसळायचं, कढवायचं आणि पुण्याला जाणाऱ्या तुझ्या डब्यात भरायचं. वर बदाम. बदामासाठी आबांनी तंबाखू सोडली. कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळीला उभे राहतात आणि दाढेखाली लवंग धरतात. वॉचमनकी करतात का दाढदुखी सांभाळतात, असं मी म्हणालो तर हसले नाहीत.

त्यांचं कन्हेरीच्या जत्रेचं पुराण तुला पाठ आहे. लग्नाआधीची ती कुस्ती. गडी अर्धा चीत केला होता, आणि ऐन वेळी आबांचा दम संपला. परवा रात्री परत सांगत होते, त्या गड्यानं मला पाडलं न्हाय, त्याच्या घरच्या म्हशीनं पाडलं. माझ्या पोरीला कुणाच्या म्हशीनं पाडायचं न्हाय. एवढं बोलून पाटी घेऊन वैरण टाकायला गेले. तुझ्यासारखा मी पण जन्मभर पळतोच आहे, पण मला कुणी खुराक लावला नाही, हे मात्र लिहून ठेवतो.

आईचा निरोप. दिवाळीआधी पाठवलेला डबा परत आला नाही. एसटीचे सोनबा ड्रायव्हर म्हणाले, या खेपेला पोरगी स्वारगेटला मोकळ्या हातानंच आली. तो डबा आईच्या लग्नातला आहे, तिचं नाव घातलेला. गेल्या खेपेला डब्यातून तू चिंचा पाठवल्यास. रिकामा डबा परत धाडायचा नाही हे पुण्यात जाऊनही विसरली नाहीस, म्हणून आई चार घरी सांगून आली. चिंचा बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवल्या होत्या. नंतर मी खाल्ल्या.

लोभ असावा आणि वजन वाढावं, असं आबांनी लिहायला सांगितलंय.
तुझा दादा,
समाधान


पुणे, २५ नोव्हेंबर १९९६

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझ्या पत्राला डिझेलचा वास होता, म्हणून आधी खोलीतल्या सगळ्या मुलींनी ते हुंगलं. मग मी वाचलं. कोऱ्या चहापाशी आले आणि घडी घालून उशीखाली ठेवून दिलं. दोन दिवस काढलंच नाही. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं रे. मला वाटायचं, चहापुरतं ठेवून उरलेल्या दुधाचं तूप येतं.

आता मी तुला जे सांगणार आहे ते आबांना सांगितलंस तर माझी शपथ आहे. मी ते तूप खात नाही.

सुरुवातीला खात होते. आबांनी सांगितल्याप्रमाणे रोज दोन पळ्या, वर बदाम. तीन हजार मीटरला शेवटच्या फेऱ्या आल्या की अंग जड व्हायचं आणि मागच्या मुली पुढं निघून जायच्या. सरांनी विचारलं, घरून काय येतं? मी डबा दाखवला. ते हसत सुटले. म्हणाले, तुझे वडील तुला कुस्तीच्या फडात उतरवणार आहेत काय? लांब पळणाऱ्यानं हलकं राहायचं असतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर राजेश्वरी असते, इंदापूरकडच्या वरकुट्याची. गोळाफेक करते. तिला सर उलट म्हणतात, खा, अजून खा. पण इथल्या जेवणावर तिचं भागत नाही आणि घरून तिला काहीच येत नाही. घरी ऊस आहे, गोठा भरलेला आहे. पण तिचे वडील मानसिंगराव म्हणतात, लोखंड फेकून पोरीच्या जातीचं काय भलं व्हायचंय, चार दिवसांत कंटाळून येईल घरी. म्हणून मी डबा तिच्यापुढं सरकवला. पहिल्यांदा लाजली. आता सोनबाकाकांची गाडी लागायच्या आधीच चमचा धुऊन ठेवते. तिचा गोळा कुठल्या कुठं जायला लागलाय.

आईच्या डब्याचं असं झालं. राजेश्वरी दिवाळीला घरी गेली तेव्हा तळाचं तूप धाकट्या भावाला म्हणून घेऊन गेली, आणि डबा तिथंच विसरली. येईल म्हणावं.

आबांना खरं सांगवत नाही. त्यांनी लवंग चघळत काढलेल्या रात्री मी दुसऱ्याच्या ताटात वाढल्या, असं त्यांना वाटेल. तू काहीतरी निमित्त काढ आणि तूप बंद कर. तेवढं नाही जमलं तर जानेवारीतली राज्य स्पर्धा झाली की मी वसतिगृह सोडते. गावी येऊन डी.एड.चं बघते. ज्या पायांसाठी आई कोरा चहा पिते ते पाय घेऊन मी कुठं पळू?

तू घरी थांबशील तितके दिवस थांब. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
प्रिया


भिगवण, ८ जानेवारी १९९७

चि. प्रियास, जयभीम.

पत्ता बघून चिडू नकोस. मी पळून आलो नाही, आबांना घेऊन आलो होतो. ते काल संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. मला इथल्या एका मच्छीमारानं दोन दिवस नावेवर घेतलंय, म्हणून राहिलो.

तुझं काम मी केलं, पण ते बिघडलं. आधी आबांना म्हणालो की पळणाऱ्यानं हलकं असावं. ते म्हणाले, हलकं माणूस वाऱ्यानं बी पळतं, त्यात पोरीचं काय? मग म्हणालो, एसटीत इंजिनाजवळ तूप पातळ होतं आणि सांडतं. तर झाकणाला कणीक लावून, वरून फडकं बांधून, तो नवा डबा मांडीवर घेऊन ते स्वतःच पुण्याला निघाले. सोनबा ड्रायव्हरनं कसंबसं खाली उतरवलं.

शेवटी डोक्यात आलं ते भिगवणचं. उजनीच्या पाण्यावर ती लांब पायांची पांढरी-गुलाबी पाखरं आलीत. काठावर उभं राहिलं की वाटतं कुणी धुणं वाळत घातलंय, आणि मग ते धुणं चालायला लागतं. उडायच्या आधी पाण्यावरून पळत जातात पिरे, काय पळतात! मी आबांना म्हणालो, बघा, पायाच्या नुसत्या काड्या, ह्यांना कुणी तूप घालतं का? आबा लई वेळ बघत बसले. मला वाटलं, पटलं. उठता उठता म्हणाले, बिचारी. ह्यांना खाऊ घालणारं कुणी न्हाय व्हय?

घरी गेल्यावर बदाम वाढवलेत, असं आईनं सोनबांकडून कळवलंय.

आता शपथ तू सोडव, नाहीतर मला मोडू दे. इथं मासळी ताजी आहे, पण चहा दुधाचा मिळतो आणि तो मला जात नाही.
माया असू दे, राग नको.
समाधान


पुणे, २७ जानेवारी १९९७

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम.

स्पर्धा झाली. मी चौथी आले. इतक्या जोरात आजवर कधी पळाले नव्हते, तरी चौथीच. राजेश्वरी पहिली आली. गोळा पडला तिथं खूण करायला माणसाला मागं सरकावं लागलं. पेपरात फोटो आलाय. तिला उचलून घ्यावं म्हणून आम्ही पाच-सहा जणी गेलो, पण उचलली गेली नाही. मग तिनंच मला उचललं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि म्हणत होती, हे तुझ्या आबांचं आहे, मी त्यांना तोंड कसं दाखवू?

मी ठरवलं दादा. महिनाभराचे पैसे भरलेत, तेवढं राहते. फेब्रुवारी संपला की वळकटी घेऊन येते. चौथ्या नंबरासाठी आईला आणि किती दिवस कोरा चहा पाजू? आबांना एवढंच सांग की पोरीला जमलं नाही. तुपाचं मात्र सांगू नकोस.

लोभ कमी होईल असं काही मी करत नाही ना?
प्रिया


सणसर, २ फेब्रुवारी १९९७

चि. प्रियास,
जयभीम. तुझी शपथ मी मोडली. अजून ठणठणीत आहेस ना? तर मग पुढं वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी आबा गोठ्यात होते. त्यांना म्हणालो, प्रिया घरी येते म्हणतीया. त्यांनी धार अर्धी सोडली. म्हणाले, माझंच कुठं तरी कमी पडलं. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. ते मला बघवलं नाही. मी सगळं सांगितलं. सरांचं हसणं, तुझं जड होणारं अंग, राजेश्वरीचा चमचा, सगळं. पेपरातला फोटो दाखवला.

ते जेवले नाहीत. रात्रपाळीला गेले ते माझ्याकडं न बघता. आई म्हणाली, सांगितलंस ते बरं केलंस, पण जरा जेवण झाल्यावर सांगायचं होतंस.

सकाळी आले, पाय धुतले आणि तो फोटो मागितला. उजेडाला धरून तिचे खांदे बघितले. दंड बघितले. मग मला विचारलं, ही पैली आली ती आपल्याच तुपावर ना? मी म्हणालो, व्हय. तर म्हणाले, मंग आपली म्हैस हारली न्हाय.

आणि हसले गं. आई चुलीपुढून उठून बघायला आली, इतके हसले.

मग त्यांनी मला लिहून घ्यायला बसवलं. लिही म्हणाले, पाय तिचे हायत, म्हशीचे न्हाईत. मला पळण्यातलं कळत न्हाय, हे तिनं मला सांगायचं हुतं, ओझं घेऊन बसायचं नव्हतं. चौथी आली तर पुढं तिघीच हायत म्हणावं. सरांना विचार, हलक्या माणसाला काय खाऊ घालायचं ते. आईनं तोवर शेंगदाणे भाजायला घेतलेत, गूळ फोडून ठेवलाय. तूप पण येईल, पण राजेश्वरीच्या नावानं आणि जरा कमी. बाकीचं दूध चहाला. काल पहिला दुधाचा चहा झाला. आबांनी घोट घेतला आणि म्हणाले, ह्याला चवच न्हाय. तरी दोन कप प्याले.

वळकटी सोडून ठेव. परत आलीस तर दारात उभं करणार नाही, असं आधी म्हणाले. मग म्हणाले, करीन, पण चहा कोराच देईन.

माझं म्हणशील तर मी अजून इथंच आहे. सोनबा म्हणतात, एसटीच्या गॅरेजात पोरगं पाहिजे. बघू. तिकडून गाड्या कुठं कुठं जातात ते तरी कळेल.

थांब जरा. दारात एम-एटी गाडी लागलीय. पांढरी टोपी, पांढरी विजार, गावातले वाटत नाहीत. हातातला डबा डोळ्यांसमोर धरून त्यावरचं नाव मोठ्यानं वाचतायत, आणि विचारतायत, ताईबाई साहेबराव, सणसर, हेच घर का? म्हणतायत, मी वरकुट्याचा मानसिंग, राजेश्वरीचा बाप, माझी पोर तुमच्या घरचं जेवली.

आई हातातली परात टाकून धावलीय. तिनं नाव वाचलं नाही, लांबूनच डबा ओळखला. गच्च भरलाय, झाकणाखालून दूध पाझरतंय. आबा सदऱ्याची बटणं लावत बाहेर निघालेत. आत या म्हणतायत, चहा घेऊनच जावं लागंल म्हणतायत, आणि ते गृहस्थ उंबऱ्याशी वाकून चपला काढतायत. डबा धरायला मला हाक मारली, जातो.
समाधान