ताईच्या मापाचा पुतळा

व्हिटबी, ४ मार्च १९२२

ती. आईस,
डॉर्कसचा सा. न. वि. वि.
इकडे सगळं क्षेम. ताईची सिसी परवा मला पहिल्यांदा आई म्हणाली. ताईला जाऊन दीड वर्ष झालं, तिच्या जागी माझं लग्न होऊन तीन महिने, तरी शिवणाच्या खोलीत तिच्या मापाचा तो बिनडोक्याचा पुतळा तसाच उभा आहे, अंगात तिचा हिरवा पोशाख. मी म्हटलं, थोडा कापूस भरून माझ्या मापाचा करून घेऊ. ॲम्ब्रोज हसून म्हणाले, त्यापेक्षा तूच त्याच्या मापाची हो. तेव्हापासून माझ्या ताटात एकच बटाटा पडतो.
महिनाभर तिकडे येऊ का गं? मला इथे भीती वाटते. माझी खिडकीजवळची खाट घालून ठेव.
माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी डॉर्कस

लीड्स, ९ मार्च

चि. डॉर्कसला अनेक आशीर्वाद.
पत्र वाचून हसूच आलं. जन्मभर ताईचे उतरलेले कपडे घातलेस, आता मोठ्या घरी गेलीस तर नखरे सुचतात होय? इतका भला नवरा! दोन घास कमी खाल्लेस तर काय बिघडलं? तुझं अंग मेलं पहिल्यापासून सुटलेलं. तुझी खाट मी देऊन टाकली. ताईची, माझ्या लवीनियाची, खोली मात्र तिने सोडली तशीच ठेवली आहे, तिथे कुणाला झोपवणार नाही. येऊ नकोस. शेजारणी म्हणतील, हिला बहिणीचा संसारही पेलवेना. त्यापेक्षा त्या पोशाखातला फोटो पाठव.
तुझी आई

व्हिटबी, २० जून

ती. आईस सा. न.
फोटो सोबत आहे. पोशाख बसला, कुठे टाचावा लागला नाही. रविवारी चर्चच्या दारात यांनी लवीनिया म्हणून हाक मारली आणि मी ओ दिली. कुणाला काही वावगं वाटलं नाही. घरी येऊन पाहते तर पुतळ्याच्या अंगात माझा जुना निळा झगा. त्याला तो ढगळ होतो. मी त्याच्यासमोर बसून खूप रडले. आई, मी तुझ्यावर रागावले आहे.
लोभ असू दे, दोघींपैकी जिच्यावर होता तिच्यावर.
तुझी मुलगी

लीड्स, २४ जून

चि. लवीनियास अनेक आशीर्वाद.
फोटो उराशी धरून रडले. आता खुशाल ये, बाळा. तुझी खोली झाडून ठेवली आहे.
तुझी आई