जिवंत माणसाचा विलाप

काराआगाश कुरण,
२ ऑगस्ट १९१६

ती. उलबोसिन वन्सं यांस,
तोरगिनचा सलाम वि. वि.

इकडची माणसं-जनावरं ठीक आहेत. तुमच्याकडेही मेंढरं आणि पोरं धष्टपुष्ट असतील अशी आशा.

झारचा हुकूम तुमच्यापर्यंत पोचला असेलच. त्याच्या लढाईसाठी खंदक खणायला आमची तरणी पोरं हवीत म्हणे. कारकून याद्या करायला बसला आणि ज्यांनी त्याच्या दारात मेंढा नेऊन बांधला, त्यांची पोरं कागदावर एकाएकी म्हातारी झाली. तुमच्या बंधूंनी त्याच्या हातातले कागद घेतले आणि सरळ चुलीत घातले. हा गुन्हा आहे, असं तो ओरडला. त्यावर हे म्हणाले की अर्धवट काम करायची आमच्या घराण्याची रीत नाही. आता शे-दोनशे स्वार घेऊन डोंगरात गेलेत. बंदुका मोजक्याच, बाकी भाले.

लोक त्यांना बातिर, म्हणजे शूरवीर, म्हणू लागलेत. घरात ज्यांना स्वतःचा कमरपट्टा सापडत नाही, ते बातिर! मी हसते खरी, पण रात्री टापांच्या आवाजाकडे कान लावून बसते. काही कळलं तर मिठाच्या व्यापाऱ्याबरोबर निरोप धाडा, आणि या वेडीवर माया असू द्या.

तुमची,
तोरगिन

*

चीनच्या हद्दीजवळून,
१८ सप्टेंबर

चि. सौ. तोरगिनला,
अ. उ. आ.

आधी बातमी, मग बाकीचं. तुझा तोक्सान जिवंत आहे, माझ्याकडे आहे. मांडीत गोळी लागली होती, ती माझ्या घरधन्यानं काढली. ताप उतरलाय. मेंढ्यांच्या हिवाळी गोठ्यात निजतो आणि तिथूनही हुकूम सोडतो. चहा पातळ आहे, अशी त्याची तक्रार असते.

त्याच्या शोधात शिपाई वस्त्यांमागून वस्त्या जाळत चाललेत. तो मेल्याची अफवा उठली आहे, पण शिपायांच्या साहेबाचा विश्वास बसत नाही. म्हणून तुला एक कठीण गोष्ट सांगते. घरी राहिलेल्या त्याच्या तांबड्या घोड्याच्या शेपटीचे केस काप, मेलेल्याच्या घोड्याचे कापतात तसे. राहुटीवर काळं निशाण लाव. भिंतीकडे तोंड करून बस आणि त्याचा विलाप गा. साहेबाबरोबरचा दुभाष्या आपल्यातलाच आहे. कोणतीही बायको जित्या नवऱ्याचा विलाप गाणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. मेलेल्याला कुणी शोधत नाही. त्याची जखम भरेपर्यंत खिंडीत बर्फ पडेल; ते वितळलं की मी तुम्हा दोघांना पलीकडे चीनमध्ये पोचवते.

अपशकुन आहे, मला कळतं. पाप लागलंच तर माझ्या माथी. त्याला यातलं काही सांगितलेलं नाही, नाहीतर लंगडत तुझ्याकडे निघेल. तुझा गळा चांगला आहे, आता तो कामी येऊ दे.

तुझं भलं चिंतणारी,
उलबोसिन

*

काराआगाश,
६ ऑक्टोबर

ती. वन्संना,
सलाम वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. शेपटीचे केस कापताना घोडा शांत उभा होता. वर्षश्राद्धाच्या जेवणापर्यंत आता त्याच्यावर कुणी बसायचं नाही. साहेब आला. दुभाष्या दारात उभा राहून ऐकत होता. थोड्या वेळानं त्यानं टोपी काढली, साहेबाला काही सांगितलं आणि ते निघून गेले.

इथवर ठीक झालं. पण वन्सं, मी फार चांगलं गायले. सुरुवातीला शब्द शोधावे लागले, मग ते आपोआप येऊ लागले. ज्यांची पोरं डोंगरात पडली आणि ज्यांची प्रेतंही घरी आली नाहीत, त्या बाया माझ्याभोवती बसल्या. मग मी त्यांच्या पोरांचंही गायले. ते खोटं नव्हतं.

बंड मोडल्यावर घरी परतलेली पोरं बाहेर उभी राहून ऐकत होती. त्यांनी त्या घोड्याच्या मानेवर हात ठेवून शपथ घेतली, की बातिरचा सूड घेतल्याशिवाय राहायचं नाही. बर्फ पडायच्या आत शिपायांच्या ठाण्यावर चालून जाणार आहेत. तिथं आता तोफा आल्यात. हे जिवंत आहेत असं सांगावं, तर यांचा जीव जातो. गप्प बसावं, तर त्या पोरांचा. काय करू, ते लवकर कळवा.

तुमच्या आधाराची,
तोरगिन

*

हद्दीजवळून,
१५ ऑक्टोबर

चि. तोरगिनला,
अ. उ. आ.

तुझं पत्र त्याच्यासमोर उघडावं लागलं. कारण व्यापाऱ्यानं शहाणपणा करून तुझा विलाप त्याला म्हणून दाखवला. वाटेवरच्या तळांवर सगळ्यांना तो पाठ झालाय म्हणे. तोक्साननं तो शेवटपर्यंत ऐकला. आधी म्हणाला की माझ्या तोंडावर हिनं कधी एवढं कौतुक केलं नाही. मग पोरांच्या शपथेचं कळलं आणि तो उठून बसला.

मी रडले, खोगीर लपवलं, आईची आण घातली. तो म्हणाला, "मी मेलो म्हणून पोरं मरणार असतील, तर मला जाऊन जिवंत दिसलं पाहिजे." जित्याची खोड, दुसरं काय! बिनखोगिराचाच गेला. जखम अजून ओली आहे.

तो पोचला की त्याच्याशी भांडू नकोस. माझं ऐकून तू हे केलंस, दोष माझा आहे. सगळी वस्ती उचलून खिंडीकडे निघा, ती अजून उघडी आहे.

वाट पाहणारी,
उलबोसिन

*

खिंडीपलीकडच्या पायथ्याकडून,
२ नोव्हेंबर

ती. वन्संना,
सलाम वि. वि.

आम्ही खिंड ओलांडली. बाया, म्हातारे, जनावरं आणि ती सगळी पोरं आली. तुमचे बंधू आले नाहीत.

ते दिवसाढवळ्या वस्तीत आले. बाया किंचाळल्या. ते थेट त्या तांबड्या घोड्यावर चढले. ज्याच्यावर कुणी बसायचं नाही, त्याच्यावर. म्हाताऱ्यांनी कानाला हात लावले. हे म्हणाले, घोडा माझ्या नावानं राखलाय ना, मग मी नाही तर कोण बसणार? पोरं हसली, आणि हसली तशी ऐकूही लागली. ठाणं सोडा, आयाबहिणींना खिंडीपार न्या, असं त्यांनी सांगितलं. माझ्याजवळ येऊन एवढंच विचारलं, की विलापात माझे डोळे ससाण्यासारखे कसे झाले? मी म्हटलं, गाताना खोटं बोलावं लागतं.

दुभाष्यानं त्यांना पाहिलं असावं. शिपाई मागे लागले. खिंडीच्या तोंडाशी चार जणांना घेऊन हे थांबले, आणि शेवटची मेंढी पार होईपर्यंत थांबले. चौघं परतले, हे गोळी लागून पडले. पोरांनी त्यांना तिथंच दगडांखाली ठेवलंय.

बाया माझी राहुटी उभारून बसल्या आहेत. मी भिंतीकडे तोंड केलं, पण तोंडातून शब्द येत नाही. होतं ते सगळं त्यांच्या जिवंतपणीच गाऊन संपवलं. कुणीतरी मागून तो जुनाच विलाप सुरू केला, मी हात धरून थांबवला. तो खोटेपणानं गायलेला होता. वन्सं, तुम्ही या. तुम्ही बहीण आहात, नवा विलाप तुम्ही गा. ससाण्याचे डोळे नकोत. त्यांना कमरपट्टा सापडत नव्हता, ते गा. मी शेजारी बसेन.

तुमचीच,
तोरगिन