अण्णांची रशियन पुस्तकं

नांदेड, ९ जून २०२४
॥ ॐ नमः शिवाय ॥

ती. मल्लिनाथदादास, धाकट्या सुकन्याचे शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू हाव हाव म्हणतोस आणि दुकानात गिऱ्हाईक आलं की ठेवून देतोस, म्हणून कागदावर लिहिते. डावा डोळा काचबिंदूनं गेला, हे तुला ठाऊकच आहे. आता उजवाही चाललाय. पावसाळा सरता सरता ऑपरेशन करू म्हणतात, पण डॉक्टर भरवसा देत नाहीत.

तोवर मला एकच बघायचं आहे. अण्णांची रशियन कादंबऱ्यांची पाच पुस्तकं. लाल कातडी बांधणी, सोनेरी कडा, प्रत्येक चित्रावर पातळ बटरपेपर. कातडं म्हणून आई ती देवघराजवळ फिरकू द्यायची नाही. मग अण्णा हात धुऊन ओसरीवर बसायचे आणि पानं मला उलटू द्यायचे. शेवटच्या आजारात त्यांनी ती तुझ्यादेखत मला दिली. माझ्या खोल्यांत ओल येते म्हणून तुझ्याकडे राहिली, एवढंच. ती बर्फात रुतलेली घोडागाडी मला एकदा डोळे भरून बघू दे, दादा. एस.टी. पार्सलनं पाठव.

वहिनींना नमस्कार, मंजुश्रीला आशीर्वाद. तुझी माया आहे तशीच राहावी.
सुकन्या

लातूर, २० जून २०२४

चि. सुकन्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून ठसठशीत आहे, डोळे चाललेत असं कोण म्हणेल? तू लहानपणापासून अशीच, खरचटलं तरी पाय मोडल्यासारखी रडायचीस.

पुस्तकं आता हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये आहेत, वर दिवे सोडलेत. मंजुश्रीला बघायला निलंग्याचे पाहुणे यायचेत. मुलाचे वडील निवृत्त प्राध्यापक. खत-बियाणेवाल्याच्या घरात ते बघणार काय? पुस्तकं दिसली की घराला वजन येतं. तुला पोरबाळ नाही, तुला यातलं कळायचं नाही. कार्यक्रम उरकला की पाठवतो. तोवर गाजरं खात जा.

कळावे. दादाचा हात डोक्यावर आहेच.
मल्लिनाथ

नांदेड, १२ ऑगस्ट २०२४

ती. दादास सा. न.

स्थळ पसंत पडल्याचं मंजुश्रीनं कळवलं. फार आनंद झाला. म्हणजे शोकेसचं काम झालं. माझं ऑपरेशन गणपती उठल्यावर आहे. आता काजळी धरलेल्या कंदिलातून बघावं तसं दिसतं. पाचही नकोत, घोडागाडीचं एकच पाठव. बघून लगेच परत करीन, शपथ.

राग नसावा.
सुकन्या

लातूर, २ सप्टेंबर २०२४

चि. सुकन्यास आशीर्वाद.

सुपारी फुटली. लग्न डिसेंबरात, लातूरलाच. व्याही लई मोठा माणूस. पोह्यांना हात न लावता शोकेसपुढंच उभे होते. म्हणाले, असली बांधणी आमच्या कॉलेजातबी न्हाई. निघताना दोनदा वळून बघितलं. पोरगी द्यायची तर व्याह्यांचं मन जपावं लागतं. अशात एक पुस्तक काढलं तर रांगेतला दात पडल्यासारखं दिसेल. तुझ्या एका डोळ्यासाठी मी पोरीचं जमलेलं मोडू का, तूच सांग. ऑपरेशन होऊ दे, मग नव्या डोळ्यानं निवांत बघ.

प्रकृतीस जप.
मल्लिनाथ

नांदेड, ५ ऑक्टोबर २०२४

ती. दादास सा. न.

हे पत्र मी सांगते आहे आणि शेजारच्या मनिषाताई लिहीत आहेत. पट्टी काढली. दिसत नाही. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. डॉक्टर म्हणतात थांबा, बघू. मी आशा सोडली आहे.

पुस्तकं तरी पाठव. नुसता हात फिरवीन.
सुकन्या

लातूर, २४ ऑक्टोबर २०२४

चि. सुकन्यास अनेकोत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून घास उतरला नाही. पाचही पुस्तकं आज पार्सलनं पाठवली. बांधणी उसवली होती, ती बाइंडरकडून नवी करून घेतली. वरची अक्षरं मुद्दाम उठावाची केली, तुझ्या बोटांना लागावीत म्हणून. चित्रं जशीच्या तशी, बटरपेपरसकट. मनिषाबाईंना मात्र उघडू देऊ नकोस, परक्यांचे हात लागले की पानं खराब होतात.

इथं भावकीत सगळे म्हणतात की भाऊ असावा तर असा. आंधळीला चित्रांची पुस्तकं कशाला म्हणून तुझी वहिनी हसली, पण मी मनावर घेतलं नाही.

सुखी राहा.
मल्लिनाथ

नांदेड, १७ नोव्हेंबर २०२४
॥ ॐ नमः शिवाय ॥

ती. दादास सा. न. वि. वि.

अक्षर ओळखलंस ना? माझंच आहे.

पार्सल आलं तेव्हा दिसत नव्हतं. उठावाची अक्षरं बोटांना लागली आणि तुझ्या मायेनं मला रडू आलं. रोज पुस्तकं मांडीवर घेऊन बसायची आणि तुझं भलं चिंतायची. मनिषाताईंना हात लावू दिला नाही, तू म्हणाला होतास ना. दिवाळी झाली आणि उजव्या डोळ्याला हळूहळू दिसू लागलं. ठरवलं की आधी घोडागाडी बघायची, मग तुला बातमी द्यायची.

हात धुतले, बटरपेपर उचलला. खाली बोंडअळी. पुढच्या पानावर मावा, मग तुडतुडे, मग सोयाबीनवरचा तांबेरा. तुझ्या दुकानातले बियाण्यांचे कॅटलॉग, वर लाल रेक्झिन. पुस्तकं देणार नाही म्हणाला असतास तर मी दोन दिवस रडले असते आणि गप्प बसले असते. पण माझी बोटं फसावीत म्हणून तू अळ्यांच्या चित्रांवर बटरपेपर लावून घेतलास. ते मला सोसत नाही.

काल मंजुश्रीचा फोन आला. पोरगी आनंदानं सांगत होती की आत्याच्या राजीखुशीनं अण्णांची पुस्तकं मानपानात व्याह्यांना गेली. मी तिला हो म्हणाले.

लग्नाला येते आहे. डोळ्याला दिसू लागल्याचं तिकडं कुणाला माहीत नाही, तूही बोलू नकोस. काळा चष्मा लावून, मनिषाताईंचा हात धरून येईन. व्याही आभार मानायला माझ्या शेजारी येऊन बसतीलच. तेव्हा मी बोलेन की नाही, हे अजून ठरवलेलं नाही. ठरलं तरी तुला कळवणार नाही. अक्षता पडल्यापासून पंगत उठेपर्यंत तू जिथं उभा असशील तिथं मी बघत असेन.

तुझा माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवू नकोस.
सुकन्या