चार कोपऱ्यांची थुंकी

३ डिसेंबर, बुधवार
मेहकरच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांची साखर सांगितली. ६.३. काठावर आहे म्हणे. गोड बंद, ज्वारीची भाकर, रोज चालणं. मार्चपर्यंत उतरली नाही तर गोळी, आणि ती जन्माची. आमच्या घराण्यात गोळी कोणी घेत नाही. बाबा अठ्ठ्याहत्तरचे, तेही नाहीत. मी शेहेचाळिसाव्या वर्षी घेणार? शक्यच नाही. उद्या पहाटे पाचपासून चालणं सुरू.

४ डिसेंबर, सकाळी ८.१०
थंडी फार.

७ डिसेंबर
सापडलं! मोबाईलवर. आपला डीएनए बघून काय खावं ते सांगतात. हे तर माझंच शास्त्र! डोणगावात कृषी केंद्र चालवतो, अठरा वर्षं शेतकऱ्यांना सांगतोय, आधी माती तपासा, मग खत टाका. डॉक्टरांनी माझी माती न तपासताच खत लिहून दिलं. किट मागवलं. चालणं आता रिपोर्टनंतर, शास्त्रीय पद्धतीने.

१३ डिसेंबर
किट आलं. नळीत थुंकायचं, बस. पण नमुना कसा घ्यावा हे मला कोणी शिकवू नये. एका जागची माती कधी पाठवत नाहीत. वावराच्या चार कोपऱ्यांतून घ्यायची, कालवायची, मग पाठवायची. घरात चूल एक, म्हणजे वावर एक. बाबा, आई, बायको राखी आणि मी, चौघांची थुंकी वाटीत घेऊन ढवळली. आईनं आधी तंबाखू थुंकून टाकली, मगच दिली. राखी म्हणाली, कागदावर तं एकाचीच लिवली हाय, तुमी हे काय करून राह्यले? तिला सँपलिंग कळत नाही. वाटी तिनं फेकून दिली. चांगली स्टीलची होती.

१० जानेवारी
रिपोर्ट आला!! बेचाळीस पानं, रंगीत, वर माझं नाव. शरीर जन्मजात धावपटूचं! (मला संशय होताच.) भात चालेल, तूप चालेल, गोड बेताने. ज्वारीचा विशेष लाभ नाही. मी तर दुकानातच नाचलो. घरी बाबांनी विचारलं, चौघातला धावपटू कोन हाय बे? मी पान उलटलं. वय झालंय त्यांचं.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळाचे लाडू सहा. बेताने म्हणजे किती, हे बेचाळीस पानांत कुठेच नाही.

८ फेब्रुवारी
मित्र निवृत्तीच्या वावरात रोडगे, म्हणजे कणकेचे गोळे. गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी. तीन खाल्ले. मग गूळ चुरून आणखी दोन. रिपोर्ट नेलाच होता, सगळ्यांना वाचून दाखवला. राखी आणि बाबा रोज सकाळी चालायला जातात. बिचारे. जन्मजात धावपटूला सरावाची गरज नसते. पँटचं बटण तुटलं. हल्ली शिलाई चांगली करत नाहीत.

५ मार्च
६.९.
डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. नमुना कसा घेतला, त्यांनी विचारलं. सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. कंपाउंडरही आत येऊन उभा राहिला. मग डॉक्टरांनी मान खाली घालून गोळी लिहिली.
नाही घेणार.

६ मार्च
गिऱ्हाईक दयाराम दुकानात माती तपासायला घेऊन आला. त्याच्या आणि त्याच्या भावाच्या वावराची, एकाच पिशवीत. मी भडकलो. अरे, एकाचं वावर काळं, दुसऱ्याचं मुरमाड, रिपोर्ट समजायचा कोणाचा? वरून खतं टाकत बसशील आणि पीक जाईल! दयाराम म्हणाला, बापाचंच वावर व्हय ना भाऊ ते, एकच समजा.
राखी डबा घेऊन दारात उभी होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. या सगळ्यात पहिल्यांदाच मला भीती वाटली.
दयारामला दोन पिशव्या दिल्या. राखीनं डब्याशेजारी गोळी ठेवली, पाणी ओतलं.
घेतली.